भाग दुसरा

पाटी मीच लिहिली, खडूने, स्लेटवर:
शनिवार, सहा वाजता, भाग दुसरा.
आमच्या गावात स्लेटला तोटा नाही.
छपरं स्लेटची, कुंपणं स्लेटची, थडग्यांवर नावंही स्लेटवरच,
आणि खाण बंद पडून चाळीस वर्षं झाली तरी
वेल्सच्या ह्या कधी न उघडणाऱ्या पावसात
सगळं गाव दिसतं
आत्ताच कुणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखं.

खाणकामगारांच्या जुन्या सभागृहात
एकशे बारा खुर्च्या, त्यातल्या नऊ मोडक्या.
मी तिकिटं फाडते, मध्यंतरात चहा विकते,
आणि सिनेमा सुटला की दाराशी उभी राहते.
छत्री उघडेपर्यंत माणूस खरं बोलतो.

पहिल्या भागात अस्वल बोलत नव्हतं.
आठ वर्षांपूर्वी ते आमच्याच खाणीतून बाहेर आलं,
पाठीवर शेवाळ, गळ्यात कंदील,
आणि हरवलेल्या दोन भावंडांना
नुसतं हुंकारत घरापर्यंत घेऊन गेलं.
हुंकाराला भाषांतर लागत नाही.
आम्हाला तो वेल्शच वाटला होता.

ह्या भागात ते बोलतं.
इंग्रजी. तेही लंडनचं.
दर दोन वाक्यांना एक विनोद.

"मातेरं केलं," शाळेची बस चालवणारा गेथिन म्हणाला.
"मुकं होतं तोवर शहाणं होतं.
माझ्या मेव्हण्याचं असंच झालं,
कौन्सिलवर निवडून आल्यावर."

इडवाल अस्वलाबद्दल बोललाच नाही.
"स्लेट अशी फुटत नाही," म्हणाला.
"ती उलगडते. छिन्नी नीट लागली तर पानासारखी.
ह्यांनी बिस्किटासारखी मोडली.
एवढा पैसा ओतला,
विचारायला एक खाणवाला मिळाला नाही?"
अन् हाताने हवेत दाखवलं, कशी उलगडते ते.
त्याला दोन बोटं कमी आहेत.

लोवरी, तीन पोरांची आई:
"मला आवडला. हो, आवडला, त्यात काय!
दोन तास अंधारात बसले होते
आणि कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही."

ओशियान आता चौदाचा.
"केस बघितले? कॉम्प्युटरचे. लगेच कळतं."
पहिल्या वेळी हाच खुर्चीखाली शिरला होता,
बापाने पाय धरून ओढून काढला.
मी काही आठवण काढेन म्हणून
माझ्याकडे न बघताच पायऱ्या उतरला.

धाकट्या माब्लीचा प्रश्न वेगळा:
अस्वल शू कुठे करतं?
ह्यावर कुणाचंच मत नव्हतं.

हेविनने कानातलं यंत्र घरीच ठेवलं होतं.
"फार छान," माझा हात धरून म्हणाला,
"बरं झालं, त्यांनी त्याला अजून बोलकं नाही केलं."
मी मान हलवली.

टेगवेन शेवटी आली. ती नेहमीच शेवटी येते.
पहिल्या भागात तिचा ग्विलिम होता,
मशाली घेतलेल्या गावकऱ्यांत, डावीकडून तिसरा.
ऐंशी पौंड आणि वाडगाभर सूप मिळालं होतं.
तीन रात्री भिजला, घरी येऊन शिंकत सांगत राहिला
की दिग्दर्शकाने त्याला नावाने हाक मारली.
(हाक चुकीच्या नावाने मारली होती. तेही सांगायचा.)
दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला
आधीची गोष्ट भराभर दाखवतात,
विहीर, भावंडं, कंदील, गाव.
तिथे चौकट कापलीये जराशी.
डावीकडे आता एक मशाल आहे
आणि मशालीखाली मनगटापर्यंत हात.

मी विचारलं, कसा वाटला?
ती बराच वेळ हातमोजे चढवत राहिली.
"लांबवलाय," म्हणाली.
"मधलं सगळं उगीच. अस्वल फार बडबडतं.
सुरुवात चांगली आहे."
मग पायरीवरून वळून,
"उद्या किती वाजता?"

खुर्च्यांखालून मक्याच्या लाह्या झाडल्या,
एक लहान मोजा सापडला, तो खिडकीत ठेवला.
माझं मत मला कुणी विचारलं नाही.
बाहेर पाटीवरची अक्षरं पावसाने अर्धी खाल्ली होती.
ती पुसून नव्याने लिहिली:
रविवार, सहा वाजता, भाग दुसरा.
आणि खाली, मालकांना न विचारता, थोडं मोठ्या अक्षरात:
वेळेवर यावे. सुरुवात चुकवू नये.